बफलोतला पहिला हिवाळा: इशारा कसा वाचायचा, गाडी कधी काढायची आणि कधी नाही

दरवर्षी ऑगस्टात पुण्या-मुंबईची, नागपूर-नाशिकची नवी मंडळी बफलो, रॉचेस्टर, सिरॅक्यूजकडे येतात. ऑक्टोबरात लाल-पिवळ्या झाडांचे फोटो काढून होतात, तिघा-चौघांत मिळून एखादी सेकंडहँड गाडी घेतली जाते आणि नोव्हेंबरात फोनवर बर्फाचा पहिला इशारा येऊन धडकतो. मग ग्रुपवर ठरलेला प्रश्न येतो, "किती इंच पडणारेय?"

इंचांनी इथं फारसं काही कळत नाही. बर्फ नेमका कुठं पडणार, किती ते किती वाजेपर्यंत पडणार आणि त्या वेळात तुम्ही कोणत्या रस्त्यावर असणार, हे तीन प्रश्न विचारा. घराचं हवामान बघून प्रवासाला निघू नका, रस्त्याचं हवामान बघा. पुढचं सगळं याच एका गोष्टीसाठी आहे. लेख पश्चिम न्यूयॉर्कचा, म्हणजे ईरी आणि ऑन्टॅरिओ या दोन सरोवरांच्या काठचा आहे. ओहायो, मिशिगनवाल्यांनाही बराचसा लागू पडेल. न्यू जर्सीवाल्यांनी चौथ्या पायरीपासून वाचलं तरी चालेल.

१. आधी सरोवराचा स्वभाव समजून घ्या

हिवाळ्याच्या सुरुवातीला सरोवराचं पाणी अजून कोमट असतं आणि कॅनडाकडून येणारी हवा कडक थंड. पाण्याचा पृष्ठभाग आणि त्यावर साधारण दीड किलोमीटर उंचीवरची हवा यांच्या तापमानात १३ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा जास्त फरक पडला की पाण्याची वाफ ढगांत चढते आणि किनाऱ्यावर बर्फ होऊन कोसळते. यालाच लेक इफेक्ट स्नो म्हणतात. वारा सरोवराच्या लांबीतून वाहिला तर हा बर्फ एका चिंचोळ्या पट्ट्यात पडतो. त्या पट्ट्याला इथं सगळे बँड म्हणतात. बँडच्या आत तासाला दोन-तीन इंच बर्फ, मधूनच वीजही कडाडते. बँडच्या बाहेर स्वच्छ ऊन.

महाबळेश्वरला धो धो कोसळत असताना वाईत भुरभुर असते, तेवढ्याच अंतरात इथंही खेळ बदलतो. कारण वेगळं आहे, पण सवय तीच लावायची. नोव्हेंबर २०१४ च्या वादळात बफलोच्या पूर्वेला आणि दक्षिणेला काही ठिकाणी पाच फुटांहून जास्त बर्फ पडला आणि तिथून काही मैल उत्तरेला जेमतेम काही इंच. थ्रूवेवर, म्हणजे राज्याच्या टोलच्या हायवेवर, गाड्या चोवीस तासांहून जास्त अडकून पडल्या होत्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये हॅम्बर्ग आणि ऑर्चर्ड पार्कला ८० इंचांच्या घरात बर्फ झाला. बफलोच्या उत्तरेच्या अ‍ॅमहर्स्टला खिडकीत बसून "काहीच तर नाहीये" म्हणणारा माणूस खरंच बोलत असतो. फक्त ते त्याच्या खिडकीपुरतं खरं असतं.

वाऱ्याची दिशा लक्षात ठेवा. नैऋत्येचा वारा बँड बफलो शहरावर आणतो. तोच वारा पश्चिमेकडे फिरला की बँड दक्षिणेला, म्हणजे हॅम्बर्ग, ऑर्चर्ड पार्ककडे सरकतो. अंदाजात "बँड रात्री दक्षिणेला सरकेल" असं वाचलं तर संध्याकाळी मोकळा दिसणारा दक्षिणेचा रस्ता रात्री मोकळा नसणार, एवढं समजून जा.

ईरी सरोवर उथळ आहे, सरासरी खोली १९ मीटर. कडाक्याच्या थंडीत ते जानेवारीच्या शेवटापर्यंत बरंचसं गोठतं आणि मग बफलोचा लेक इफेक्ट मंदावतो. ऑन्टॅरिओ खोल आहे, ते सहसा गोठत नाही. त्यामुळे सिरॅक्यूज, ऑस्वेगोकडे हा उद्योग मार्चपर्यंत चालू राहू शकतो. सिरॅक्यूजची वर्षाची सरासरी सव्वाशे इंचांच्या आसपास आहे, बफलोची त्याहून बरीच कमी. नाव मात्र बफलोचं झालंय.

२. वॉच, वॉर्निंग, अ‍ॅडव्हायझरी: कशाला किती घाबरायचं

इशारे नॅशनल वेदर सर्व्हिस देते. तिचं बफलोचं कार्यालय विमानतळाला लागूनच आहे आणि वेदर डॉट गव्ह या साइटवर पिनकोड टाकला की त्या जागेचा अंदाज मिळतो. पिनकोडला इथं झिपकोड म्हणतात.

वॉच म्हणजे वादळाची शक्यता चांगली आहे, पण जागा किंवा वेळ अजून पक्की नाही. हा साधारण एक-दोन दिवस आधी येतो. हे दिवस सामान भरायचे, तिकीट बदलायचे, बॉसला मेल टाकायचे.

वॉर्निंग म्हणजे वादळ येतंय किंवा आलंच आहे. आता तयारी नाही, आता घरात.

अ‍ॅडव्हायझरी म्हणजे त्रास होईल, पण वॉर्निंगइतका नाही. नवे लोक सगळ्यात जास्त इथंच फसतात असं माझं मत आहे. वॉर्निंगला सगळे घाबरून घरी बसतात. अ‍ॅडव्हायझरीच्या दिवशी ऑफिस चालू, कॉलेज चालू, रस्ते उघडे आणि सगळ्या गाड्या बाहेर. त्यात अ‍ॅडव्हायझरी फ्रीझिंग रेनची असेल तर तिला वॉर्निंगच समजा. फ्रीझिंग रेनमध्ये वरची हवा उबदार असल्यामुळे पाऊस म्हणूनच पडतो, पण जमीन शून्याखाली असते, म्हणून टेकल्याबरोबर त्याची काच होते. पाव इंचापर्यंत थर साचला की आइस स्टॉर्म वॉर्निंग लागते, त्याच्या आत अ‍ॅडव्हायझरी. गाडी घसरायला कागदाइतका थर पुरतो. फोर व्हील ड्राइव्हचाही तिथं काही उपयोग नसतो.

ब्लिझर्ड वॉर्निंगमध्ये बर्फापेक्षा वाऱ्याचा हिशेब असतो: ताशी ३५ मैल किंवा जास्त वारा, पाव मैलाहून कमी दिसणं आणि हे निदान तीन तास. नवा बर्फ एक इंचही न पडता, पडलेलाच उडून ब्लिझर्ड होऊ शकतं.

स्नो स्क्वॉल वॉर्निंग हा प्रकार २०१८ पासून सुरू झाला. हा इशारा अर्ध्या-एक तासाचाच असतो आणि फोन मोठ्यानं किंचाळतो. हायवेवर असाल तर पुढच्या एक्झिटला उतरा आणि पेट्रोलपंपावर चहा प्या. अर्ध्या तासात निवळतं. २८ मार्च २०२२ ला शेजारच्या पेनसिल्व्हेनियात आय-८१ हायवेवर अशाच स्क्वॉलमध्ये ८० च्या आसपास गाड्या एकमेकांवर आदळल्या, सहा माणसं गेली. महिना बघा, मार्च. "संपला की हिवाळा" म्हणायचे दिवस.

थंडीच्या इशाऱ्यांची नावं ऑक्टोबर २०२४ पासून बदलली आहेत. जुन्या लेखांत विंड चिल वॉर्निंग दिसेल, आता तिला एक्स्ट्रीम कोल्ड वॉर्निंग म्हणतात. तापमान शून्य फॅरनहाइट आणि वारा ताशी १५ मैल असेल तर अंगाला उणे १९ फॅरनहाइट, म्हणजे उणे २८ सेल्सिअस लागतं आणि उघडी कातडी अर्ध्या तासात गोठू शकते. बसस्टॉपवर उभं राहण्याआधी हा हिशेब करा.

३. इशाऱ्याचा मजकूर उघडून वाचा

फोनच्या अ‍ॅपमधलं बर्फाचं चिन्ह बघून निघू नका. ते चिन्ह तीन तास भुरभुरणाऱ्या बर्फालाही तेच असतं आणि तासाला तीन इंचांनाही तेच. इशाऱ्यावर बोट ठेवा, आतला मजकूर उघडा. त्यात ठरलेले परिच्छेद असतात: व्हॉट, व्हेअर, व्हेन, इम्पॅक्ट्स.

व्हॉटमध्ये इंच लिहिलेले असतात, पण पुढे बहुतेक वेळा एक शेपूट असतं: मोस्ट पर्सिस्टंट लेक स्नोज, म्हणजे बँड जिथं ठाण मांडून बसेल तिथं. मित्रमंडळी स्क्रीनशॉट काढताना हेच शेपूट कापतात आणि भारतात आईला "दोन फूट" एवढंच कळतं.

व्हेअरमध्ये काउंटीची, म्हणजे इथल्या जिल्ह्यांची नावं असतात. तुमची काउंटी कुठली हे आधी माहीत करून घ्या. बफलो ईरी काउंटीत आहे आणि ईरी नावाचं शहर व ईरी काउंटी पेनसिल्व्हेनियातही आहे. बातमी ऐकताना गोंधळ होतोच. नॉर्दर्न ईरी, सदर्न ईरी असे भागही पाडतात, ते दुर्लक्षू नका.

व्हेन सगळ्यात महत्त्वाचं. "गुरुवार संध्याकाळी सात ते शनिवार सकाळी सात" असं लिहिलं असेल तर गुरुवारी दुपारी दोनला निघून पोचणारा माणूस शहाणा, आणि शुक्रवारी "थोडं कमी झालंय वाटतं" म्हणून निघणारा बँडच्या दोन फेऱ्यांमधल्या फटीत निघालेला असतो.

आता रस्ता वाचायचा. निघण्याच्या आदल्या रात्री वाटेतल्या निदान तीन ठिकाणांचे झिपकोड टाका आणि अवरली ग्राफ उघडा. क्लीव्हलंडकडे जाताना हॅम्बर्ग, डनकर्क आणि पेनसिल्व्हेनियातलं ईरी बघा. सिरॅक्यूजकडे जाताना बटाव्हिया, हेन्रिएटा आणि सिरॅक्यूज. प्रत्येक ठिकाणी तुम्ही किती वाजता असाल ते लिहा आणि त्याच तासाचा बर्फ, वाऱ्याचा झोत आणि तापमान बघा. समजा सकाळी आठला बफलोहून निघालात तर डनकर्कला नऊच्या सुमारास असाल. तिथं नऊला झोत ताशी ४० मैल आणि जोराचा बर्फ दाखवत असेल, तर क्लीव्हलंडला दिवसभर ऊन आहे याला काही अर्थ नाही.

ज्यांना आवड आहे त्यांनी फोरकास्ट डिस्कशनही वाचावं. हवामानतज्ज्ञ तिथं मोकळेपणानं लिहितात की बँड कुठं बसेल याची खात्री किती आहे आणि कुठं मॉडेल्सचं जमत नाहीये. भाषा जड आहे, पण आठवडाभर वाचलं की सरावते. मला तर मूळ अंदाजापेक्षा ते जास्त कामाचं वाटतं.

मोजमापांचा हिशेब डोक्यात बसवा: ३२ फॅरनहाइट म्हणजे शून्य सेल्सिअस, एक इंच म्हणजे अडीच सेंटिमीटर, एक मैल म्हणजे एक किलोमीटर सहाशे मीटर. सगळ्यात फसवं तापमान २८ ते ३४ फॅरनहाइट. त्यात रस्ता ओला आहे की गोठलेला, हे डोळ्यांना कळत नाही.

४. जायचं की नाही: निर्णय आदल्या रात्री

आपल्याकडे "निघू या, रस्त्यात बघू" ही पद्धत आहे आणि घाटात ती चालूनही जाते, कारण दर पाच किलोमीटरवर टपरी असते. थ्रूवेवर दोन एक्झिटमध्ये कधीकधी दहा-पंधरा मैल असतात आणि मधे उतरायला जागा नसते. म्हणून निर्णय सोफ्यावर बसून घ्यायचा. रात्री जेवण झाल्यावर अंदाजाची नवी आवृत्ती बघा, ठरवा, कळवा. सकाळी उठून पुन्हा एकदा बघा, पण फक्त रद्द करण्यासाठी. रात्री रद्द केलेला प्रवास सकाळी खिडकीतलं ऊन बघून परत सुरू करायचा नाही.

रस्त्यांची खरी स्थिती ५११ एनवायवर मिळते. साइट आहे, अ‍ॅप आहे आणि ५११ ला फोनही लावता येतो. कॅमेरे उघडून बघा. डांबर काळं दिसतंय का, की चाकांच्या दोनच रेघा काळ्या आहेत, की सगळंच पांढरं? पांढरं असेल तर घरी थांबा. थ्रूवेवर ट्रक आणि बसना बंदी घातली असेल तर तो माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक इशारा आहे. रोज हेच काम करणाऱ्या चालकांना जिथं थांबवलंय तिथं तुमच्या सेकंडहँड कोरोलाचं काय काम?

काउंटीचे आदेश दोन प्रकारचे. ट्रॅव्हल अ‍ॅडव्हायझरी म्हणजे गरज नसेल तर निघू नका. ट्रॅव्हल बॅन म्हणजे अत्यावश्यक सेवेखेरीज गाडी चालवणं बेकायदेशीर. पण बंदी आली नाही म्हणजे रस्ता सुरक्षित आहे, असा अर्थ अजिबात काढू नका. डिसेंबर २०२२ च्या ब्लिझर्डमध्ये ईरी काउंटीत २३ तारखेला बंदी लागली तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते आणि कामाला जाणारे बरेच जण आधीच घराबाहेर पडलेले होते. पुढे सलग दीड दिवस ब्लिझर्ड चाललं, विमानतळावर पन्नास इंचांहून जास्त बर्फ मोजला गेला आणि त्या भागात चाळीसहून जास्त माणसं दगावली. काही जण गाडीतच. रुग्णवाहिकाही पोचू शकत नव्हत्या. वॉच मात्र त्याच्या कितीतरी आधी लागला होता.

प्रोफेसरला किंवा मॅनेजरला कळवायला बहुतेक जण संकोचतात, विशेषतः नवीन नोकरीत. इथं "वॉर्निंग आहे, मी घरून काम करतो" हे वाक्य कुणालाही खटकत नाही. इथल्याच लोकांनी ते आधीच पाठवलेलं असतं.

आणखी एक जागा जपण्यासारखी. आईबाबा डिसेंबरात येतात, तिकीट स्वस्त म्हणून जेएफके किंवा नुअर्कला उतरतात, आणि मुलगा सहा-सात तास गाडी चालवून आणायला जातो. परतीचा प्रवास रात्रीचा, म्हातारी माणसं दमलेली, गाडीत बॅगा, अंगात पुण्याचा स्वेटर. या प्रवासात एक मुक्काम आधीच धरा आणि रद्द करता येईल असं हॉटेल घ्या.

५. गाडी: थँक्सगिव्हिंगच्या आधी उरकायची कामं

टायर पहिले. ऑल सीझन टायरचं रबर ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होत जातं आणि पकड सुटते. विंटर टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमफूल असं चिन्ह असतं. नुसतं एम प्लस एस लिहिलेलं पुरेसं नाही. चारही बदला. दोनच बदलले तर गाडी वळणावर मागून निसटते. पैसे नसतील तर निदान खाच तपासा: पाव डॉलरचं नाणं वॉशिंग्टनचं डोकं खाली करून खाचेत घाला. डोक्याचा वरचा भाग पूर्ण दिसत असेल तर तो टायर बर्फाच्या कामाचा नाही. हवा थंडीत कमी होते, दर दहा फॅरनहाइटला साधारण एक पीएसआय. डॅशबोर्डवर दिवा लागला म्हणजे पंक्चरच असेल असं नाही.

सगळी चाकं फिरवणारी गाडी घेतली की काळजी मिटली, असं विकणारा सांगेल. अशी गाडी निघायला मदत करते. थांबायला नाही. थांबायला टायरच लागतात.

काच धुण्याचं पाणी बदला. टेक्सस किंवा कॅरोलायनाहून आलेल्या गाडीत उन्हाळी पाणी असतं, ते टाकीतच गोठतं. मिठाचा चिखल काचेवर बसला की समोरचं काहीच दिसत नाही, आणि फवारा बंद. बाटलीवर उणे २० फॅरनहाइट किंवा त्याखालचा आकडा बघून घ्या. बॅटरी जुनी असेल तर दुकानात तपासून घ्या, बरीच दुकानं फुकट तपासतात. पेट्रोल कायम अर्ध्या टाकीच्या वर.

सकाळची काच: आदल्या रात्री वायपर उचलून उभे ठेवा. गाडी सुरू करण्याआधी मागचा धुराचा पाइप बर्फातून मोकळा करा. मग इंजिन, मग हीटर काचेवर, मग स्क्रेपर. स्क्रेपर कडेकडून मधे न्या, हीटर लागून कडा सुटू लागली की पापुद्रा सबंध निघतो. उकळतं पाणी ओतू नका, काच तडकते. टपावरचा बर्फही काढा. नाहीतर पहिल्या ब्रेकला तो सगळा समोरच्या काचेवर घसरतो किंवा हायवेवर मागच्याच्या गाडीवर उडतो. काचेत टपाल पेटीच्या फटीएवढी जागा खरवडून निघणारे महाभाग दर सकाळी दिसतात.

गॅरेजमध्ये गाडी गरम करत ठेवू नका, दार उघडं असलं तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

६. गाडीत ठेवायचं सामान आणि कागद

सामान डिकीत, पण फावडं आणि ब्रश मागच्या सीटवर. डिकीच गोठून बंद झाली तर बाहेर काढणार कशानं?

- ब्रश असलेला लांब स्क्रेपर, छोटं फावडं
- वाळू किंवा मांजराच्या शौचाची माती, रुतलेल्या चाकाखाली टाकायला
- जंपर केबल, टॉर्च, भडक रंगाचं फडकं
- माणशी एक जाड पांघरूण, लोकरी मोजे, हातमोज्यांचा जादा जोड
- गाडीत लागणारा चार्जर आणि भरलेली पॉवर बँक
- पाणी, बाटली पूर्ण न भरता
- खाणं: खजूर, भाजलेले शेंगदाणे, चिवडा. चिक्की नको, शून्याखाली ती दातांनी तुटत नाही
- रोजच्या गोळ्या, निदान दोन दिवसांच्या. बरोबर मधुमेही माणूस असेल तर हे पहिल्या क्रमांकावर घ्या

कागद: लायसन्स, गाडीचं रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स कार्ड आणि रस्त्यावरच्या मदतीचा नंबर. हे सगळं कागदावर, कारण थंडीत फोनची बॅटरी बघता बघता उतरते. अमेरिकी नागरिक नसलेल्या प्रौढांनी आय-९४ सारखा नोंदणीचा पुरावा जवळ बाळगावा असा इथला कायदाच आहे. बफलो कॅनडाच्या सीमेवर आहे, बसमध्ये आणि रेल्वेत विचारणा होऊ शकते. तेवढी छापील प्रत पाकिटात असू द्या.

कपड्यांबद्दल एकच. जीन्स आणि सुती मोजे ओले झाले की वाळत नाहीत आणि अंगातली ऊब ओढून घेतात. आत लोकर किंवा थर्मल, वर वारा अडवणारं जॅकेट. आणि आईनं बॅगेत कोंबलेली माकडटोपी गाडीत ठेवा. इथं कुणी हसत नाही.

७. रस्त्यावर

क्रूझ कंट्रोल बंद. वायपर चालू असतील तर हेडलाइट चालू हवेत, हा न्यूयॉर्कचा कायदा आहे. व्हाइटआउटमध्ये, म्हणजे बर्फानं समोरचं काहीच दिसेनासं होतं तेव्हा, हेडलाइट अपरवर ठेवू नका, बर्फावरून उजेड परत डोळ्यांत येतो. पासष्टची मर्यादा कोरड्या रस्त्यासाठी आहे, पस्तीसनं जाणाऱ्याला इथं कोणी हॉर्न मारत नाही. समोरची गाडी एखाद्या पाटीजवळून गेली की मोजायला लागा, तुम्ही तिथं पोचेपर्यंत आठ-दहा सेकंद व्हायला हवेत.

ब्लॅक आइस, म्हणजे रस्त्यावरचा पारदर्शक बर्फाचा थर, दिसत नाही, पण ओळखता येतो. रस्ता ओला चकचकीत दिसतोय आणि तरी समोरच्या गाडीच्या चाकांमागे पाण्याचे तुषार उडत नाहीयेत, तर ते पाणी नाही. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून हळूच उचला, ब्रेकला नुसता पायही लावू नका. पूल रस्त्याच्या आधी गोठतात, कारण त्यांना खालूनही वारा लागतो. मीठ टाकलंय म्हणून निर्धास्त होऊ नका, १५ फॅरनहाइटच्या खाली साध्या मिठाचं काम मंदावत जातं.

गाडी घसरलीच तर दोन्ही पेडलवरून पाय काढा, जिथं जायचंय तिकडे बघा आणि तिकडेच स्टिअरिंग वळवा. जी गोष्ट चुकवायची तिच्याकडे बघत राहिलात तर गाडी तिच्यावरच जाते. ब्रेक लावावाच लागला आणि गाडीला एबीएस असेल तर तो दाबून धरा, पायाखाली थरथर होते, ती होऊ द्या. रिकाम्या पार्किंगमध्ये पहिल्या बर्फाच्या दिवशी अर्धा तास मुद्दाम घसरवून बघा. दहा व्हिडिओंपेक्षा तो अर्धा तास जास्त शिकवतो.

बर्फ काढणाऱ्या प्लाऊच्या पुढे जायची घाई नको. त्याच्या मागे साफ रस्ता असतो, त्याच्या पुढे नसतो.

८. अडकलात तर

गाडी सोडू नका. व्हाइटआउटमध्ये शंभर पावलांवरचं घर सापडत नाही आणि परतीची गाडीही सापडत नाही. ९११ ला फोन करून जवळचा मैलाचा खांब किंवा एक्झिट नंबर सांगा. दर थोड्या वेळानं वाटेतल्या एक्झिटचा नंबर मोठ्यानं म्हणायची सवय लावली तर अशा वेळी कामी येते.

धुराचा पाइप मोकळा करा, मग तासाला दहाएक मिनिटंच इंजिन चालवा आणि वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर उघडी ठेवा. प्रत्येक वेळी इंजिन सुरू करण्याआधी पाइप पुन्हा बघा, बर्फ पडतच असतो. भडक फडकं अँटेनाला किंवा दाराला बांधा. हातपाय हलवत राहा. सगळे एकदम झोपू नका.

९. गाडी नसेल तर

बसचं तिकीट काढलं असेल तर थ्रूवेवर व्यावसायिक वाहनांना बंदी लागताच बस रद्द होते, हे गृहीत धरा. विमानाचं वेगळं आहे: मोठ्या वादळाच्या एक-दोन दिवस आधी कंपन्या बहुतेक वेळा ट्रॅव्हल वेव्हर जाहीर करतात आणि त्यात तारीख फुकट बदलता येते. वॉच लागला की कंपनीच्या साइटवर ते शोधा. बाकी सगळे जागे होईपर्यंत दुसऱ्या विमानांतल्या जागा भरलेल्या असतात. कंपनीनंच विमान रद्द केलं आणि तुम्ही पर्यायी विमान नाकारलं तर पैसे परत मिळायला हवेत, कारण हवामानाचं असलं तरी. व्हाउचर पुढे केलं तर "पैसेच हवेत" असं स्पष्ट सांगा. हॉटेलचा खर्च मात्र हवामानाच्या कारणासाठी कंपनीवर बंधनकारक नाही.

पायी जाताना तुम्ही चालकाला दिसत नाही, असं धरूनच चाला. फुटपाथवर बर्फाचे ढीग असल्यानं लोक रस्त्याच्या कडेनं चालतात आणि साडेचार-पाचलाच अंधार पडतो. काळं जॅकेट असेल तर फोनचा टॉर्च चालू ठेवून हातात धरा. पावलं आखूड टाका, हात खिशात नकोत.

आणि गाडी घरीच राहिली तरी ती कुठं उभी आहे ते बघा. अनेक गावांत नोव्हेंबर ते मार्च रात्री रस्त्यावर गाडी उभी करायला बंदी असते, प्लाऊ जायला म्हणून. पाटी छोटी असते आणि बर्फानं झाकलेली. गावाच्या साइटवर नियम बघून घ्या, नाहीतर वादळ संपल्यावर गाडी टोइंगच्या यार्डातून सोडवून आणावी लागते.